सहा नट बसले म्हणजे चाक बसलं का?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही मॉडिफाय केलेल्या पिकअप गाड्यांवर अर्धं पान दिलंत, फोटो मस्तच होते, आणि मग लगेच याच कॉलममध्ये एका वाचकांनी लिहिलं की हे सगळे चाळे बंद करा, गाड्या सरळ जप्त करा. दोन्ही वाचलं आणि वाटलं की खरा मुद्दा कुणी बोलतच नाहीये. दुसऱ्या गाडीची चाकं पिकअपला लावणं हे काही फक्त पोरांचं खूळ नाही हो. कुणाची गाडी लोखंडी डिस्कवर, म्हणजे साध्या लोखंडी रिमवर आलेली असते आणि त्याला अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमची रिम हवी असतात, कुणाला चिखलात जायला रुंद टायर हवा असतो, कुणाची डिस्क आपल्या पुण्याच्या खड्ड्यात वाकलेली असते आणि नवीनचा भाव ऐकून तो गार पडलेला असतो, म्हणून माणूस नाना पेठेत जातो नाहीतर जुन्या बाजारात चक्कर मारतो, आणि तिथे त्याला एकच प्रश्न विचारतात, किती नटाचं? सहा म्हणालात की सहाचं चाक समोर येतं, लावून बघतात, बसतं, पैसे दिले की विषय संपला.

घोळ नेमका तिथेच आहे. नटांची भोकं ज्या गोलावर असतात त्याच्या व्यासाला पीसीडी म्हणतात आणि मोठ्या पिकअप-एसयूव्हीमध्ये तो बहुतेक वेळा १३९.७ मिलिमीटर म्हणजे साडेपाच इंच असतो. हायलक्स, फॉर्च्युनर, इसुझू डी-मॅक्स, एंडेव्हर, पजेरो स्पोर्ट, सगळ्यांना सहा नट आणि १३९.७. म्हणजे दुकानदार खोटं बोलत नाही, भोकं खरंच जुळतात. पण चाकाच्या मधोमध जे मोठं भोक असतं, जे हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसवतात त्याच्यावर बसतं, ते प्रत्येकाचं वेगळं. टोयोटाचं १०६.१, इसुझूचं १००.१, एंडेव्हरचं ९३.१ आणि पजेरो स्पोर्टचं तर ६७.१ मिलिमीटर. आता एंडेव्हरचं चाक हायलक्सला लावायला गेलात तर ते हबवर चढणारच नाही, ते एका अर्थी बरंच, निदान तिथल्या तिथे कळतं. उलटं केलंत, फॉर्च्युनरचं चाक डी-मॅक्सला लावलंत, तर ते सुळकन जातं, सहाही नट लागतात, पण हबच्या भोवती चहूबाजूंनी तीन-तीन मिलिमीटर फट राहते आणि चाक ढिल्या बांगडीसारखं तिथे लटकलेलं असतं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, वरून सेंटर कॅप मारली की झालं.

आमचे मेहुणे सासवडचे, अंजीर आणि सीताफळाचा माल घेऊन मार्केट यार्डला येतात. त्यांनी त्यांच्या पिकअपला एका एसयूव्हीचे सेकंडहँड अलॉय लावले, गाडी दिसायला लागली एकदम रुबाबदार, आणि साठ-सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. मग जो तो म्हणे बॅलन्सिंग करा. बॅलन्सिंग केलं, वजनं ठोकली, अलाइनमेंट केलं, टायर पुढचे मागे केले, थरथर आहे ती आहेच, आणि दिवे घाटात माल भरून उतरताना ब्रेक दाबला की जास्तच. शेवटी फुरसुंगीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने चाक खोलून ते जमिनीवर पालथं घातलं आणि मला टॉर्च धरायला लावली. आधी त्याने मधल्या भोकाला मापाचा व्हर्नियर लावला, मग हबला लावला, आणि नुसता माझ्याकडे बघून हसला. मग नटाच्या भोकांवरून बोट फिरवायला सांगितलं. प्रत्येक भोकाच्या कडेला एक बारीक चकचकीत रिंग पडली होती आणि तिच्याभोवती काळी पूड, ॲल्युमिनियम घासून घासून निघालेली.

त्याचं कारण नट. या अलॉयला मूळ गाडीत सपाट वॉशरचे लांब मानेचे नट येतात, ती मान भोकात जाते म्हणून भोकंही मोठी असतात. मेहुण्यांच्या लोखंडी डिस्कचे नट होते निमुळत्या तोंडाचे, दुकानातल्या पोराने तेच परत आवळून दिले. निमुळतं तोंड सपाट बैठकीवर टेकणार कुठे, तर फक्त भोकाच्या धारेवर. म्हणजे मधे हब धरत नाही, कडेला नट धड धरत नाहीत, चाक जरासं एका बाजूला बसलंय आणि वरून एक-सव्वा टन माल! आवळलं होतंही एअर गनने, नट मोजून आवळायचा टॉर्क रेंच त्या दुकानात कुणी पाहिलेलाच नव्हता. मधली फट भरायला भोसरीच्या एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या रिंगा कातून घेतल्या, बरोबर नट मिळवले, घासलेली दोन चाकं बदलली, तेव्हा कुठे गाडी शांत झाली. प्लास्टिकच्या रिंगाही मिळतात, पण घाटात ब्रेक तापतात त्या गाडीला मी तरी त्या सुचवणार नाही.

हे झालं मधल्या भोकाचं. दुसरा प्रकार ऑफसेटचा, चाक हबवर किती आत-बाहेर बसतं तो. अलॉयच्या मागच्या बाजूला, स्पोकवर, ईटी आणि पुढे आकडा ओतलेलाच असतो, हायलक्स-फॉर्च्युनरचा ३० आणि एंडेव्हरचा ५५. आकडा जेवढा कमी तेवढं चाक बाहेर. तीन-चार मिलिमीटरचा फरक गाडी पचवते, पण आपली पोरं हब आणि चाकाच्या मधे स्पेसर, म्हणजे जाड चकती घालून चाक मडगार्डच्या पार बाहेर काढतात, मग बेअरिंगवर ताण, स्टिअरिंग ओढतं, आणि मागच्या टू-व्हीलरवाल्याच्या तोंडावर पावसाळ्यात अख्खा सिंहगड रोड उडतो ते वेगळंच.

आणि लोड. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं, कारण ते डोळ्याला दिसत नाही. टायरवर साइजच्या पुढे दोन-तीन आकडी नंबर असतो तो लोड इंडेक्स. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो. भरलेल्या पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर समजा अठराशे किलो आले तर एका चाकावर नऊशे झाले, तिथे कारमधून काढलेला ९१ चा टायर लावून तुम्ही कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणार? तो उतार काय आहे ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. टायरचं जे तेच रिमचं, कारचं रिम कारच्या वजनाला बनवलेलं असतं.

त्याच वेळी हेही सांगतो की नीट केलेली अदलाबदल चालते. हायलक्स आणि फॉर्च्युनर एकाच घराण्यातल्या, पीसीडी तोच, मधलं भोक तेच, आणि २६५/६५ आर १७ काय किंवा २६५/६० आर १८ काय, टायरची बाहेरची उंची ७७५-७७६ मिलिमीटरच्या आसपासच. तिथे काय बिघडणार आहे? पण २४५/७० आर १६ च्या गाडीला तोच सतरा इंची सेट लावलात तर उंची ७४९ वरून ७७६ होते, म्हणजे मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ ने पळत असते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतलं मडगार्ड घासतं ते आहेच.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, एकेका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण हा बडगा मालकाच्या डोक्यावर. ज्याने चुकीचं चाक चुकीच्या नटावर आवळून दिलं त्याच्या बिलावर लिहिलेलं असतं "जुना अलॉय सेट, चार नग", बास, आणि कितीतरी वेळा तेही नसतं. जप्त करा म्हणणाऱ्या वाचकांना माझं एवढंच विचारणं आहे की रस्त्यात गाडी थांबवून हवालदार मधली फट बघणार कशी?

म्हणून माझी मागणी सोपी आहे. चाक विकणाऱ्याने बिलावर पीसीडी, मधलं भोक, ऑफसेट, लोड आणि नट कोणता हे लिहून द्यायचं, आणि कोणत्या गाडीला लावलं तेही. पिवळ्या नंबर प्लेटच्या पिकअपना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी आरटीओच्या फिटनेस तपासणीला जावंच लागतं, तिथे बाहेरचं चाक दिसलं तर निदान एक तरी चाक खोलून मागून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि तुम्ही लोकांनी पुरवणीत फोटो छापताना कोपऱ्यात एक छोटा तक्ता द्या, कोणत्या पिकअपचं मधलं भोक किती. गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय आपल्या वेताळ टेकडीवर आहे, चाकण-पिंपरीत अर्धं गाव गाड्यांच्या धंद्यात आहे, अशा शहरात हा तक्ता करून देणारा माणूस तुम्हाला मिळणार नाही असं होणार नाही.

आपला,
एक वाचक, हडपसर, पुणे

ता. क. अलॉय लावलेत तरी जुने नट भंगारात देऊ नका. स्टेपनी अजून लोखंडी डिस्कचीच असेल तर ती लांब मानेच्या नटांवर नीट आवळली जाईलच असं नाही, तेव्हा सहा जुने नट एका पिशवीत घालून जॅकच्या शेजारी ठेवा. मेहुण्यांचे मी स्वतः ठेवलेत.