परसात जनरेटर बसतोय, रागावू नका

पुणे,
रविवार दुपार

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

जनरेटर घेतला आहे. पैसे भरून झाले. येत्या आठवड्यात माणसं येऊन परसात त्याच्यासाठी ओटा घालतील आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत तो चालू झालेला असेल. दादाशी बोलणं झालंय, त्याचंही हेच मत आहे. फोनवर सांगितलं असतं तर बाबा म्हणाले असते, "कशाला उगाच?", आणि तेवढ्यावरच अजून एक उन्हाळा निघून गेला असता. म्हणून पत्र लिहितेय. किंमत मात्र विचारू नका, बाबा. तुम्ही माझ्या हॉस्टेलच्या फीचा आकडा मला कधी सांगितलात का?

तुम्ही पुण्याला येणार नाही, हे मी आता मनापासून मान्य केलंय. दिवाळीत तो विषय निघाला तेव्हा आई उठून स्वयंपाकघरात गेली, ते मी पाहिलं. आमच्या सातव्या मजल्यावर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं आपलं घर कुठून आणू? विहीर, मोगरा, भिंतीपलीकडून हाक मारणाऱ्या काकू, बाबांची संध्याकाळची ओट्यावरची बैठक आणि एजी (महालेखापाल) ऑफिसातली जुनी मंडळी, यातलं काहीच इथे नाही. तुम्ही तिथेच राहा. फक्त लाइट गेली म्हणून बाबांचं ऑक्सिजनचं मशीन थांबता कामा नये, एवढं मला करू द्या.

"इन्व्हर्टर आहे ना," हे तुमचं पहिलं उत्तर असणार. त्याचा हिशेब मी मांडून पाहिला. बॅटरी १५० अँपिअर-तासाची, १२ व्होल्टची. म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. तोटे वजा जाता बाराशेच्या आसपास हाती लागतात, तेही बॅटरी नवी असताना. मशीन साडेतीनशे वॅट खातं, वर दोन पंखे आणि दिवे. म्हणजे सव्वादोन तास, आणि आपली बॅटरी काही नवी नाही. डॉक्टरांनी बाबांना दिवसातून किमान पंधरा तास ऑक्सिजन लावायला सांगितलाय. तुमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि लाइट जाते ती नेमकी तेव्हाच, सगळ्या गावाचे एसी आणि कूलर एकदम चालू असतात त्या वेळेला. इन्व्हर्टर काढायचा नाहीच आहे. छोट्या खंडाला तो पुरतो, मोठ्याला पुरत नाही, एवढंच.

दादाने छतावर सोलर बसवायचं सुचवलं होतं. पण सरकारी योजनेत घरावर सहसा जे ग्रिडला जोडलेलं सोलर बसवतात, ते लाइट गेली की स्वतःही बंद होतं. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरून झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. वेगळ्या बॅटऱ्या लावल्या तर चालतं, पण रात्रभर एसी चालेल इतक्या बॅटऱ्या आजच नकोत. पुढे बघू. पेट्रोलवरचा लहान जनरेटर स्वस्त पडला असता, पण पेट्रोल दोन-तीन महिने पडून राहिलं की खराब होतं. आता तर त्यात इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. शिवाय दोरी ओढून सुरू करायचं मशीन रात्री दोनला कोण ओढणार? आई, तुझा खांदा मला माहीत आहे.

म्हणून डिझेलचा, ५ केव्हीएचा, बंद पेटीतला. केव्हीएचे किलोवॅट करायला ५ ला ०.८ ने गुणायचं, म्हणजे ४ किलोवॅट. मशीन, तुमच्या खोलीतला एक टनाचा इन्व्हर्टर एसी, फ्रिज, तीन पंखे, दिवे आणि पाणी आलं तर टुल्लू पंप, असं सगळं मिळून सव्वादोन किलोवॅटच्या आसपास जातं. फ्रिज आणि टुल्लू सुरू होताना क्षणभर तिप्पट-चौपट ओढतात, तेवढी जागा वर राहते. कडक उन्हात इंजिनाची ताकदही थोडी उतरते, तीही धरली आहे. दुकानदार १० केव्हीएचा गळ्यात मारत होता. नको म्हटलं, आणि त्याचं कारण खाली लिहिलंय, ते बाबांनी जरूर वाचावं. कंपनीही अशी निवडली की तिचं सर्व्हिस सेंटर ग्वाल्हेरातच आहे. सुटा भाग दिल्लीहून मागवावा लागणार नाही.

आता जागा. बाबा म्हणतील, चौकात ठेवू, सावली आहे. चौकात नाही, बाबा. चारी बाजूंना खोल्या, सगळी दारं चौकात उघडतात. धूर तिथे कोंडला की सगळ्या घरात शिरणार. व्हरांड्यातही नाही, जिन्याखालीही नाही, पाऊस असला तरी नाही. धुराचा निदान वास तरी येतो, पण त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही आणि रंगही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी चिकटतो. आणि बाबांचं मशीन ऑक्सिजन कुठून आणतं? खोलीतल्याच हवेतून. ती हवा स्वच्छ हवी.

आई, पुढचं दोनदा वाच. तू बोटाला लावून पाहतेस ते ऑक्सिमीटर या बाबतीत फसवतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला प्राणवायूच्या रक्तासारखंच दिसतं, त्यामुळे आकडा चांगला दिसेल आणि माणूस आजारी पडत असेल. जनरेटर चालू असताना दोघांपैकी कुणाचंही डोकं दुखलं, मळमळलं किंवा गुंगी आली, तर आकडा बघत बसायचं नाही. आधी पुढच्या ओट्यावर मोकळ्या हवेत जायचं, बाबांना सिलिंडर लावायचा आणि मग डॉक्टरांना फोन. घाबरू नकोस. असं होऊ नये म्हणूनच तो विहिरीच्या पलीकडे, बंब तापायचा त्या भिंतीशी ठेवतोय. घरापासून वीस फुटांच्या पुढे, धुराचं नळकांडं वर आणि बाबांच्या खिडकीच्या उलट्या दिशेला. झोपायच्या खोलीत या वायूचा अलार्मही लावून देते. तुळशीवृंदावनाला हात लागणार नाही, आणि जिजीच्या लिंबालाही नाही. ते मी माणसांना आधीच बजावून ठेवलंय.

आवाजाची काळजी करू नका. अशा पेटीतल्या जनरेटरचा आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलच्या वर जाऊ नये असा नियम आहे. खोलीपर्यंत अंतर आहे, भिंत आहे; बाबांची दुपारची झोप मोडणार नाही. काकूंशी मी स्वतः फोनवर बोललेय.

सुरू करायला परसात जायचं नाही. लाइट गेली की आधी इन्व्हर्टर घेईल. पाच मिनिटांत आली नाही तर जनरेटर आपोआप सुरू होईल, आणि लाइट आली की आपोआप थांबेल. घर एका वेळी लाइट किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणाऱ्या चेंजओव्हर पॅनेलमधून जोडणी आहे, त्यामुळे आपली वीज बाहेरच्या तारांत जाणार नाही. कुणी मिस्त्री "वायर सरळ प्लगमध्ये घाला, काम होतं" म्हणाला तर त्याला चहा देऊन परत पाठवा. त्याने खांबावरचा माणूस मरू शकतो.

आणि आता ते कारण. जनरेटर चालू असेल तेव्हा एसी लावायचाच. तुम्ही दोघं काय कराल ते मी इथे बसून सांगू शकते. "डिझेल जळतंय," म्हणून एसी बंद, फ्रिज बंद, एक पंखा आणि मशीन तेवढं चालू. तसं करू नका. डिझेल इंजिनाला फार हलकं काम मानवत नाही. ताकदीच्या तीस टक्क्यांच्याही खाली ते तासन्‌तास चाललं की आत पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी धरते आणि सायलेन्सरमधून काळं तेलकट टपकायला लागतं. मोठा घेतला नाही तो याचसाठी. तासाला एक लिटरच्या आसपास डिझेल लागेल, ते लागू दे. तुम्ही गारव्यात झोपलात तरच ते इंजिन जास्त वर्षं टिकेल.

तुम्हाला आठवतं का, लाइट गेली की गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकायचो आणि बाबा अंधारात पावकी-निमकी म्हणून घ्यायचे? माझी झोप लागेपर्यंत आई पंखा हलवत राहायची. मध्येच जाग आली तरी पंखा चालूच असायचा. मला तेव्हा वाटायचं, आईचा हात दुखतच नाही. वॅटचा सगळा हिशेब परवा मी कागद न घेता केला, बाबा. दिडकी अजून पाठ आहे.

देखभालीचं काम बाबांचं. एक रजिस्टर घाला, ऑफिसात ठेवायचात तसं: तारीख, अवर मीटरचा (चाललेल्या तासांचा) आकडा, किती डिझेल भरलं, ऑइल कधी बदललं. दर रविवारी, लाइट असली तरी, पंधरा मिनिटं जनरेटर चालवायचा आणि तेव्हाही घराचा भार त्याच्यावर टाकायचा. ऐन वेळी जनरेटर सुरू न होण्याचं कारण बहुतेकदा त्याची बॅटरी असते, म्हणून तिचा चार्जर कायम लावलेला राहू द्या. पहिलं ऑइल ५० तासांनी बदलायचं, पुढे पुस्तकात लिहिलंय तसं, आणि तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा नक्की. मे-जूनच्या धुळीत एअर फिल्टर महिन्याला साफ करून घ्या. पावसाळ्यात डिझेलच्या फिल्टरखालचं पाणी काढायला सांगा. हे सगळं मिस्त्रीने करायचं. बाबांनी शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि लिहायचं, वाकायचं नाही. आणि तो पेटी उघडेल त्याआधी चावी "ऑफ" वर आहे ना, ते बघा, कारण हे मशीन न सांगता सुरू होतं.

डिझेल गरम इंजिनात भरायचं नाही. बंद करून निवू द्यायचं. कॅन लोखंडी, झाकणाचा, परसातल्या कोठीत. स्वयंपाकघरात नाही आणि देवघराजवळ तर मुळीच नाही. देवघरावरून आठवलं. आई, बाबांच्या नाकाला नळी असताना निरांजन त्यांच्यापासून दहा फूट तरी लांब. आरती त्यांनी दारातून घ्यावी, देवाला चालतं. त्यांच्या नाकाला व्हॅसलीन लावतेस ते बंद कर. ऑक्सिजनबरोबर तेलकट काही नको, पाण्याचं जेल मी कुरियरने पाठवलंय. व्हॅसलीनची ती डबी बाबांना दे, जनरेटरच्या बॅटरीच्या टोकांना लावायला तेच लागतं.

आणि एवढं सगळं असूनही बी टाइपचा भरलेला सिलिंडर पलंगाशी हवाच. त्यात १५०० लिटर असतो, मिनिटाला २ लिटरवर बारा तास जातो. महिन्याच्या एक तारखेला त्याचा काटा बघायचा आणि तोही रजिस्टरात लिहायचा.

ओटा घालायच्या दिवशी मी तिथे असेन. रजा टाकली आहे, "कशाला येतेस एवढ्या उन्हात" म्हणू नका. माझ्यासाठी चिरोटे करत बसू नकोस, आई. कैरीचं पन्हं असलं तरी पुरे. मी येईपर्यंत माणसं लवकर आली तर त्यांना परसाच्या मागच्या दाराने घ्या, आणि ओटा जमिनीपासून सहा इंच उंच झाल्याशिवाय बाबांनी पावतीवर सही करू नये.

तुमची,
छकुली