न विचारता केलेलं हक्कसोडपत्र

मा. संपादकसाहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात अपशिंगे मिलिटरीवर लेख आला होता, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले वगैरे. वाचून ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. पण जे मेले नाहीत, कैदेतनं नुसती हाडं घेऊन परत आले, त्यांच्या नावाचा दगड कुठंच नाही, म्हणून लिहितोय. लांबलं तर खुशाल कापा.

आमचे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत सप्लायच्या गाड्यांवर ड्रायव्हर होते. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हिंदी सैनिकांना गोऱ्यांपासनं वेगळं काढून जपान्यांच्या हवाली केलं, चाळीस हजाराच्या वर माणूस. त्यातले बरेचजण आझाद हिंद फौजेत गेले, अण्णा गेले नाहीत. का ते शेवटपर्यंत धड सांगितलं नाही, "एकदा शपथ घेतलेली बाबा" एवढंच. नेताजींचा फोटो मात्र आमच्या सोप्यात कायम होता, त्याला हार पण अण्णाच घालायचे. तर जे गेले नाहीत त्यातल्या हजारोंना जहाजात कोंबून ऑस्ट्रेलियाच्या वरच्या अंगाला न्यू गिनी, न्यू ब्रिटन असल्या बेटांवर हमालीला नेलं. अण्णा न्यू ब्रिटनमधल्या रबौलला होते. बोगदे खणायचे, वरनं आपल्याच बाजूची विमानं बॉम्ब टाकायची, औषध नाही, भात मूठभर, पुढं पुढं तोही नाही. १९४५ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियन फौज आली तेव्हा सुटका झाली.

लहानपणी खळ्यावर ज्वारीची पोती मोजताना अण्णा इची, नी, सान, शी करत मोजायचे. आम्हा पोरांना लय मजा वाटायची, गोट्या पण आम्ही तशाच मोजायचो. हजेरीला आकडा चुकला की बांबू बसायचा म्हणून ते आकडे असे पक्के झाले होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि ते पण आईकडनं. आणि शर्टाच्या वरच्या खिशात मिठाची पुडी. लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी खिसा चाचपायचे.

आता मुद्द्याचं. नोकरीतनं रिटायर झाल्यावर मी हे जरा खोदायला लागलो, तेव्हा समजलं की ९ जून १९५२ ला भारत आणि जपानचा वेगळा शांतता करार झाला आणि त्यात भारतानं जपानकडनं घ्यायची सगळी नुकसानभरपाई सोडून दिली. सगळी म्हणजे सगळी. त्याच्या आदल्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला जो मोठा करार झाला त्यात आपण सामील नव्हतो, आणि त्यातल्या १६ व्या कलमात जपानच्या कैदेत हाल झालेल्या सैनिकांसाठी रेडक्रॉसमार्फत पैसे वाटायची सोय होती, पण ती सही करणाऱ्या देशांच्या सैनिकांना. म्हणजे इकडनंही गेलं आणि तिकडनंही. आपल्याकडं बहिणीचा वाटा सोडायचा तर तिला रजिस्ट्रारसमोर उभं करून हक्कसोडपत्रावर सही अंगठा घेतात हो, इथं हजारो माणसांचा हक्क दिल्लीत परस्पर सोडला आणि त्यांना साधं पोस्टकार्ड पण नाही.

नेहरूंच्या सरकारला मी दोष देत नाही, जपान तेव्हा पार भुईसपाट झालेला, दोस्ती करायची होती, आणि ती झाली पण. १९५८ ला जपाननं परदेशाला पहिलं येन कर्ज दिलं ते आपल्यालाच, आज बुलेट ट्रेनला पण त्यांचाच पैसा आहे. बरंच झालं की. पण मग त्या दोस्तीची किंमत ज्यांच्या पाठीवरनं वसूल झाली त्यांना ती भरून द्यायचं काम दिल्लीचं होतं ना?

बाकीच्यांनी तेच केलं. कॅनडानं १९९८ मध्ये हाँगकाँगला जपान्यांच्या कैदेत पडलेल्या आपल्या सैनिकांना २४,००० डॉलर दिले, जपानकडनं नाही, स्वतःच्या तिजोरीतनं. ब्रिटननं २००० साली १०,००० पाउंड जाहीर केले, ऑस्ट्रेलियानं २००१ ला २५,००० डॉलर. कैदी वारला असेल तर विधवेला. ब्रिटनच्या त्या स्कीममध्ये आपल्या ब्रिटिश इंडियन आर्मीवाल्यांना धरलंच नव्हतं! नेपाळच्या गुरखा सैनिकांना पण नाही, पण ते लंडनच्या कोर्टात गेले आणि २००२ ला जिंकले. आमच्या वतीनं कोण जाणार होतं. राहिला माफीचा विषय, तर जपाननं २००९ आणि २०१० मध्ये अमेरिकन युद्धकैद्यांची माफी मागितली, २०११ ला कॅनडावाल्यांची. म्हणजे मागणारा असला की मिळते.

एका सरकारी ऑफिसात मी अर्ज घेऊन गेलो होतो. तिथले साहेब म्हणाले, "काका, आझाद हिंदवाले असाल तर स्वातंत्र्यसैनिक पेन्शनचं बघता आलं असतं." त्यांचंही चुकीचं नाही, त्यांच्याकडं तोच एक फॉर्म. आझाद हिंदवाल्यांना मिळालं ते रास्तच, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण अण्णांसारखे लोक कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, ब्रिटिशांना ते परके आणि आपल्याला ते ब्रिटिशांचे.

मला पैसे नकोत, अण्णाही गेले आणि आई पण. पण सातारा, सांगली, कोल्हापूरकडं अशा कैद्यांच्या एखाद दुसऱ्या म्हाताऱ्या बायका अजून असतील, नव्वदीच्या पुढच्या, त्यांना केंद्रानं आपल्या खिशातनं काहीतरी द्यावं. कैद्यांची जिल्हावार यादी काढून कलेक्टर ऑफिसात लावावी. आणि १९५२ ला आम्ही तुमचा हक्क तुम्हाला न विचारता सोडला, चुकलं, असं एक पत्र संरक्षण मंत्रालयाच्या लेटरहेडवर यावं. जपानकडं माफी मागायला त्यानंतर जावं, आधी नाही. आमच्या पोराचं म्हणणं, ऐंशी वर्षांनी हे कोण उकरणार पप्पा. बघू.

सोबत अण्णांच्या डिस्चार्ज बुकातल्या एका पानाची झेरॉक्स जोडली आहे, त्यात साडेतीन वर्षांसमोर दोनच शब्द आहेत, प्रिझनर जपान. छापू नका, नंबर आणि सही दिसते त्यात, फक्त तुमच्या माहितीसाठी.

आपला,
एक जुना वाचक, ता. कोरेगाव, जि. सातारा