केडगाव दोन आहेत, संपादकसाहेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मिशनच्या बालगृहांवरचा अर्धपानी लेख वाचला. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आपण थेट नगरच्या केडगावला नेऊन ठेवलंत, त्याबद्दल अभिनंदन. ते दौंड तालुक्यातल्या केडगावात आहे. पुणे-दौंड शटल तिथे थांबते. त्या मार्गावर मी ३१ वर्षं तिकिटं तपासली आहेत, म्हणून सांगतो.

ते जाऊ द्या. लेखाचा सूर असा की, अशा ठिकाणी पोर गेलं की बाटलंच. हा गलका जुना आहे. १८९३ मध्ये पुण्यात रमाबाईंच्या शारदा सदनावरून, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीच्या त्यांच्या निवासी शाळेवरून, हेच झालं आणि पालकांनी मुली काढून नेल्या. शंका अगदीच हवेतली होती असं मीही म्हणत नाही, रमाबाईंकडच्या कितीतरी मुली ख्रिस्ती झाल्या. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरी कोणी उचलून आणल्या, एवढं तरी आपल्या लेखकाने लिहायचं होतं.

२०११ साली दौंडच्या फलाटावर मला एक पोरगा सापडला. बारा-तेरा वर्षांचा, अंगात बाईचा स्वेटर, नाकाला रुमाल, रुमालात पंक्चरचं सोल्युशन. तिकीट विचारलं तर मनगटाला चावला. व्रण अजून आहे. रेल्वे पोलिसांनी त्याला बालकल्याण समितीपुढे उभं केलं, समितीने चुलत्याला बोलावलं. चुलता आला, चहा प्याला आणि म्हणाला, "साहेब, हे कार्टं घरात घेतलं तर बायको मला बाहेर काढील." मग ज्या बालगृहात जागा होती तिथे धाडला. ते सिस्टर लोकांचं निघालं, इतकंच.

तिथून तो तीनदा पळाला. दोनदा माझ्याच गाडीत सापडला, मीच परत नेला. दोन्ही वेळेला वाटलं, आता सिस्टर हात जोडणार. सिस्टरांनी रजिस्टरात वेळ लिहिली आणि त्याला म्हणाल्या, "पाणी तापलंय, अंघोळ करून घे." तिसऱ्यांदा मात्र तो आपला आपणच परत गेला.

का, ते त्याने मला बारा वर्षांनी, स्वतःच्या लग्नाच्या आदल्या रात्री सांगितलं. (त्याला विचारून लिहितो आहे.) एवढा तेरा वर्षांचा घोडा, पण रोज अंथरूण ओलं व्हायचं. इतर पोरांना कळलं असतं तर संपलंच. एक थोराड सिस्टर पहाटे चारला चूल पेटवायच्या आधी यायच्या, त्याच्या खालची चादर ओढून कोरडी सारायच्या आणि ओली धुऊन मागच्या दोरीवर आपल्या पांढऱ्या झग्यांच्या आड वाळत घालायच्या. कोणाजवळ अवाक्षर नाही. त्याच्याजवळही नाही. "काका, तिसऱ्या वेळी फलाटावर झोपलो आणि पहाटे चड्डी ओली. हमाल हसले. पहिली गाडी धरली."

आज तो वायरमन आहे. तिथली संध्याकाळची प्रार्थना सक्तीची होती, ते मला पटलं नव्हतं आणि मी तसं बोललोही होतो. हा मागच्या रांगेत डुलक्या काढायचा. आता चंपाषष्ठीला जेजुरीला जातो, भंडारा आमच्या घरी पोचवतो, आणि नाताळला सिस्टरांकडच्या चांदणीचं वायरिंग फुकट करतो. त्याचा धर्म कोणता, ते आपल्या लेखकाने पुढच्या पुरवणीत ठरवावं.

दोष काढायचाच तर हा काढा. अठरा पूर्ण झालं की बालगृह सोडावं लागतं. पुढे २१ व्या वर्षापर्यंत आधार देण्याची सोय २०१५ च्या बाल न्याय कायद्यात लिहिलेली आहे. आमचा गडी अठराव्या वाढदिवसानंतर चौथ्या दिवशी पत्र्याची पेटी घेऊन माझ्या दारात उभा होता. आठ महिने आमच्या माळ्यावर राहिला. ती सोय दौंडपर्यंत कोणत्या गाडीने येते, ते कोणी विचारत नाही.

जाता जाता : गेल्या महिन्यातलं शटलच्या वेळांबद्दलचं माझं पत्र आपण जागेअभावी चार ओळींवर आणलंत आणि त्या चार ओळींतही गाडीची वेळ चुकवलीत. हेही कापायचं असेल तर केडगावचं कापा, चादरीचं राहू द्या.

आपला,
एक निवृत्त तिकीट तपासनीस, दौंड