आधी त्यांचा मुद्दा, मग आपला

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, बायकांसाठीच्या मोफत प्रवासाच्या योजनेवरून परवा ग्रुपवर तुमचं आणि काकांचं जे झालं, ते फोनवर काढलं असतं तर आपल्या दोघांचेही आवाज चढले असते. म्हणून लिहितेय.

राजकारणावर लिहू नका, असं मी अजिबात म्हणणार नाही. 'घरच्या ग्रुपवर राजकारण नको' हा नियम मला पटतच नाही. ज्या निर्णयांवर आपलं जगणं अवलंबून आहे, त्यांच्याबद्दल घरच्यांशी बोलायचं नाही तर कुणाशी बोलायचं? तुमच्याकडे मतं आहेत, वाचन आहे. ते वाया जातंय, याचं मला वाईट वाटतं.

काकांनी लिहिलं, 'करदात्यांचे पैसे उधळायचे धंदे आहेत.' तुम्ही लगेच उत्तर दिलंत, 'तुझ्यासारख्याला गरिबी काय कळणार!' तिथेच योजना बाजूला पडली आणि काका कसे आहेत, हा विषय झाला. योजनेबद्दलचं मत माणूस बदलू शकतो. पण सगळ्या नातेवाइकांसमोर लायकी काढली गेल्यावर तो मत बदलत नाही, फक्त स्वतःची बाजू राखत बसतो. समोरासमोर असतात तर काकांचा पडलेला चेहरा दिसला असता आणि तुम्ही ते वाक्य गिळलं असतंत. स्क्रीनवर चेहरा नसतो, आवाज नसतो, म्हणून माणसाचा बांध सुटतो. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्येच यावर सविस्तर लिहिलंय. म्हणजे हा काही तुमच्या एकट्याच्या स्वभावाचा प्रश्न नाही.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्रार्थात, म्हणजे पंडितांच्या वादचर्चांत, यावर फार चांगला उपाय आहे. तिथे आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं, आणि तेही त्याच्या सगळ्या बळासकट. खंडन त्यानंतर. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तर चर्चेचे प्रकारच सांगितलेत: सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, निव्वळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचं फक्त पाडत राहणं ती वितंडा. ग्रुपवर बहुतेक वेळा जल्प आणि वितंडाच चालू असते. तुम्हाला मात्र वाद जमेल, अशी माझी खात्री आहे.

समजा, काकांना असं लिहिलंत: 'आपण भरलेल्या कराचा हिशोब लागला पाहिजे, ही तुझी काळजी आहे ना? ती मलाही आहे. पण भाड्याला पैसे नाहीत म्हणून घरी बसलेल्या बाईला काम मिळालं, तर तो खर्च उधळपट्टी म्हणायचा का?' तुमचं मत यात तसूभरही मवाळ झालेलं नाही. काकांना मात्र उत्तर द्यायला जागा राहिली. आणि ग्रुपवर नुसतं वाचणारी बाकीची मंडळी विसरू नका. ती बोलत नाहीत, पण कोण कसं बोलतंय यावरून त्यांची मतं बनत असतात.

फॉरवर्डबद्दलही सांगायचंय. दोन बाणांची खूण असलेला मेसेज पाच किंवा जास्त वेळा पुढे ढकलला गेलेला असतो. व्हॉट्सॲपने २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली आहे. ट्विटरवरच्या बातम्यांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला होता. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त होती, आणि ती पसरवत होती ती मुख्यतः माणसंच. तेव्हा काकांचा एखादा मेसेज खोटा निघाला, तर 'खोटारडा' म्हणू नका. त्यांनाही तो कुणीतरी पाठवलेला असतो. चूक त्यांना वेगळ्या मेसेजमध्ये कळवा. चारचौघांत तोंडघशी पडायचं नसलं, की मेसेज मागे घेणं सोपं जातं.

आई, तू सगळं वाचतेस आणि काहीच लिहीत नाहीस. परवाही, 'दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे,' असं मला एकटीला म्हणालीस. ते ग्रुपवर लिही ना. कुणाचं काय बरोबर आहे, तेही सांग. 'जाऊ द्या, सोडा' असं लिहून विषय मिटवू नकोस. त्याने विषय मिटत नाही, माणसं फक्त आतल्या आत धुमसत राहतात.

बाबा, काकांना आधी फोन करा. योजनेचं नंतर. त्या वाक्यापुरतं 'चुकलं' म्हणा, मत सोडू नका.

आता माझं. या योजनेबाबत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने नाही. तुमचं म्हणणं मला कळलंय ते असं: प्रवास फुकट झाला की बाई घराबाहेर पडते, कमावते, आणि झालेला खर्च समाजाला परत मिळतो, शिवाय पात्रता तपासत बसलं, तर खरी गरजू बाईच कागदपत्रांत अडकते. मला वाटतं, तोच पैसा आधी गाड्या वाढवण्यावर घालावा, कारण गाडीच आली नाही तर फुकट तिकिटाचा उपयोग काय? पण तुमचा मुद्दा मी नीट मांडला का, ते आधी सांगा. काही राहिलं असेल तर भर घाला. मग भांडू.

तुमची,
धाकटी