आधी गाइडला वर्गात बसवा

महोदय,

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला की संशोधक विद्यार्थ्यांना सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचे करा, ही मागणी ठरलेली. मग परिपत्रक निघते, ऑनलाइन मॉड्यूल येते, शेवटी बहुपर्यायी प्रश्न आणि प्रमाणपत्र. उत्तर चुकले तर दुसरा पर्याय निवडायची मुभा असतेच. या सगळ्यातून जातो तो विभागात नुकताच दाखल झालेला, कशावरच अधिकार नसलेला विद्यार्थी. ज्यांच्या शब्दावर तो काम करतो ते मार्गदर्शक प्राध्यापक, म्हणजे गाइड, मात्र ‘आम्हाला काय शिकवणार’ म्हणून सुटतात. सक्ती करायचीच असेल तर ती आधी गाइडवर करा, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र. आकसाने लिहीत नाही. मीही त्याच जमातीतला.

अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठातला ७ जानेवारी २०१० चा अपघात पाहा. निकेल हायड्रॅझिन परक्लोरेट हे स्फोटक संयुग खलात घोटताना उडाले आणि एका संशोधक विद्यार्थ्याची तीन बोटे गेली. त्या गटात एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त बनवायचे नाही, अशी मर्यादा होती. बनवले गेले सुमारे १० ग्रॅम, म्हणजे शंभर पट. कारण ऐकले तर कुठल्याही संशोधकाला पटेल: सगळ्या चाचण्यांना एकाच घाण्यातला नमुना मिळावा, दर वेळी गुणधर्म बदलायला नकोत. पदार्थ हेक्झेन या द्रावकाने भिजलेला असला की सुरक्षित असतो, असाही समज होता. रासायनिक अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी केली तेव्हा दिसले की ती मर्यादा तोंडीच होती. कागदावर नव्हती, ती पाळली जाते का हे बघण्याची रीत नव्हती आणि आधी थोडक्यात निभावलेल्या प्रसंगांतून मिळालेले धडे सगळ्यांपर्यंत पोहोचले नव्हते. आता सांगा, त्या विद्यार्थ्याला आणखी एक मॉड्यूल सोडवायला लावून यातले काय बदलले असते? ‘सरांनी सांगितलं होतं’ आणि ‘आम्हाला वाटलं चालेल’ यांच्यामधली जागा भरायची कुणी?

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातली (यूसीएलए) घटना तर रसायनशास्त्राच्या जगात सर्वांना माहीत आहे. २९ डिसेंबर २००८ रोजी २३ वर्षांची एक संशोधन सहायक टर्शरी-ब्युटाइललिथियम प्लास्टिकच्या सिरिंजने ओढून घेत होती. हवा लागताच पेट घेणारे हे द्रव्य. सिरिंजचा दट्ट्या निसटला. अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर, त्यावर लॅब कोट नाही. १८ दिवसांनी ती गेली. या प्रयोगशाळेत माणसे लॅब कोट घालत नाहीत, हे विद्यापीठाच्याच तपासणीत दोन महिने आधी नोंदले गेले होते. पुढे प्रयोगशाळाप्रमुख प्राध्यापकांवर फौजदारी आरोप ठेवण्यात आले. २०१४ मध्ये तडजोड होऊन ८०० तासांची समाजसेवा आणि भाजलेल्यांच्या उपचार केंद्राला १०,००० डॉलर, असे ठरले. शिक्षा पुरेशी होती का, यावर वाद घालता येईल. पण जबाबदारीचे बोट कुणाकडे वळले, ते महत्त्वाचे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की अनुभवी प्राध्यापकाला हे सगळे ठाऊकच असते. असते ना, पण ते कुठल्या सालचे? अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापिका कॅरन वेटरहान विषारी धातूंच्याच तज्ज्ञ होत्या. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे काही थेंब त्यांच्या हातावर सांडले. काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, चालू होते, हातात लॅटेक्सचे मोजे होते. त्या काळच्या समजुतीप्रमाणे काळजीत काही कमी नव्हती. नंतर चाचण्या झाल्या तेव्हा कळले की ते द्रव्य असल्या मोज्यातून १५ सेकंदांच्या आत आरपार जाते. जून १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट जगभर कळवली, म्हणून आज दुसऱ्या प्रकारचे मोजे वापरले जातात. इतक्या जाणकार व्यक्तीच्या बाबतीत असे होऊ शकते, तर तीस वर्षांपूर्वीच्या सवयींवर चालणाऱ्या आम्हा लोकांना उजळणी नको?

सुरक्षा हा नियमपालनाचा एक भाग; दुसरा माणसांवरील संशोधनाचा. संमतीपत्र, नीतिशास्त्र समिती वगैरे जे शिकवले जाते त्याचा उगम बराचसा अमेरिकेतल्या टस्किगीच्या प्रकरणात आहे. सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीयांना १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपचारांविना नुसते न्याहाळले गेले. हा अभ्यास चालवणाऱ्या सरकारी आरोग्यसेवेतल्या पीटर बक्स्टन या कर्मचाऱ्याने १९६६ पासून वरिष्ठांकडे हरकती नोंदवल्या. कुणी दाद दिली नाही. १९७२ मध्ये बातमी वृत्तपत्रात आली तेव्हा कुठे तो अभ्यास थांबला. प्रशिक्षणात हे प्रकरण तारखांसकट विचारतात. हरकत आल्यावर वरिष्ठाने काय करायचे, हे मात्र विचारत नाहीत.

आणि हरकती येतात. अमेरिकेच्या हवाई बेटांवरल्या विद्यापीठात मार्च २०१६ मध्ये हायड्रोजन, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाची टाकी फुटून एका पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या) संशोधिकेने हात गमावला. टाकीला लावलेले डिजिटल दाबमापक ज्वलनशील वायूंसाठी बनवलेलेच नव्हते. त्याआधीच्या किरकोळ स्फोटाची कल्पना तिने वरिष्ठांना दिली होती. काम चालूच राहिले. म्हणून गाइडच्या प्रशिक्षणात सर्वांत जास्त वेळ एकाच गोष्टीला द्यावा: विद्यार्थी ‘सर, हे बरोबर वाटत नाही’ म्हणाला की प्रयोग तिथल्या तिथे बंद करायचा, प्रबंधाची मुदत उद्याची असली तरी. हे पडद्यावर शिकता येत नाही. ते प्रयोगाच्या टेबलापाशी, विद्यार्थ्यांसमोर, आपल्याच प्रयोगशाळेतली एखादी कृती घेऊन करावे लागते. पेटले तर पहिले पाऊल कुठे टाकायचे, आपत्कालीन शॉवरची साखळी डोळे मिटून सापडते का, रात्री एकट्याने काय करायचे नाही, हे गाइडने करून दाखवावे आणि त्याच्या नोंदीखाली सही करावी. घातक द्रव्याची मर्यादा लेखी असावी, दारावर लावलेली असावी. प्रशिक्षण न घेणाऱ्या गाइडला नवा विद्यार्थी देऊ नये. एवढा एक नियम केला तरी वर्ग भरतील.

एक बाब सगळेच विसरतात: गाइड निवृत्त होतो तेव्हाची. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० असलेले गॅमा किरणांचे यंत्र १९८५ पासून पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात गेले आणि दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगारबाजारात फोडले गेले. एक कामगार किरणोत्सर्गाने मेला, इतर काही जखमी झाले. यातला एकही विद्यापीठातला नव्हता, मग प्रशिक्षण कुठले! प्राध्यापक निवृत्त होताना ग्रंथालयाचे एक पुस्तक राहिले तरी ना-देय दाखला अडतो. खोलीतल्या फ्रीजमध्ये, कपाटात, शिशाच्या डब्यात काय उरले आहे, हे कुणी विचारत नाही. त्या दाखल्यावर ग्रंथपालाच्या सहीशेजारी सुरक्षा अधिकाऱ्याच्या सहीचा रकाना असावा, आणि तो भरल्याशिवाय निवृत्तिवेतनाचा कागद पुढे सरकू नये.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक