विनातार चार्जरची मोजमापे लोकांसमोर ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेने तिरुवनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेबरोबर विजेवरच्या वाहनांसाठी विनातार चार्जर तयार केला. २०२५ मध्ये त्याचे तंत्रज्ञान उत्पादनासाठी एका कंपनीकडे सोपवले गेले. आपल्या गावच्या संस्थेने हे केले याचा मला मनापासून अभिमान आहे. पण वीजखात्यात नोकरी झालेली असल्यामुळे आमच्या वसाहतीतली मंडळी शंका घेऊन माझ्याकडे येतात. या चार्जरची कार्यक्षमता जास्तीत जास्त ८९.४ टक्के असल्याचे जाहीर झाले, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारले, "मग उरलेली दहा टक्के वीज आपल्याच अंगात शिरणार ना?"

तसे होत नाही. त्या दहा टक्क्यांतला बहुतेक भाग वेटोळी (तारेच्या कॉइल) आणि आतले इलेक्ट्रॉनिक्स तापण्यात जातो. हा चार्जर म्हणजे मधोमध चिरलेला ट्रान्सफॉर्मरच. एक वेटोळे जमिनीवर, दुसरे गाडीच्या पोटाखाली आणि मध्ये जास्तीत जास्त साडेबारा सेंटिमीटर हवा. जमिनीवरच्या वेटोळ्यातला प्रवाह सेकंदाला ८८ हजार वेळा उलटसुलट होतो, त्याचे चुंबकीय क्षेत्रही तसेच हेलकावते आणि वरच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. क्ष-किरणांसारखे रेणूंचे बंध तोडण्याचे बळ या वारंवारतेत नाही. शिवाय वेटोळ्यापासून दूर जाल तसे हे क्षेत्र फार झपाट्याने घटते. थोडे लांब गेल्यावर अंतर दुप्पट केले की ते साधारण आठव्या हिश्शावर येते.

म्हणून भिंतीपलीकडच्या चार्जरची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मात्र याच नियमाची दुसरी बाजू अशी की अगदी जवळ हे क्षेत्र चांगलेच जोरकस असते. आयसीएनआयआरपी या, अशा क्षेत्रांपासून माणसांच्या संरक्षणाचे काम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत या वारंवारतेसाठी सर्वसामान्य माणसांकरिता २७ मायक्रोटेस्ला (मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे माप) ही संदर्भ पातळी दिली आहे. यावर "पृथ्वीचे चुंबकत्व याहून जास्त आहे" असे उत्तर ऐकू येते. ते फसवे आहे. पृथ्वीचे क्षेत्र स्थिर असते, हे हेलकावणारे आहे. दोन्हींचा शरीरावरचा परिणाम एकाच मापाने मोजता येत नाही. मोबाइलच्या लहरी किंवा घरातली ५० हर्ट्झची वीज यांवर जेवढा अभ्यास झाला, तेवढा या दोन्हींच्या मधल्या वारंवारतांच्या पट्ट्यावर झालेला नाही, हेही लोकांना सांगायला हवे.

आता हा चार्जर कुठे बसेल ते पाहू. तो दीड किलोवॉटचा असून ४८ व्होल्टची, ४.८ किलोवॉट-तासांची बॅटरी सुमारे तीन तासांत जवळपास भरतो. साधारण एवढीच बॅटरी ई-रिक्षात असते. परदेशातल्या चाचण्या बहुधा मोटारींच्या. तिथे माणूस आणि वेटोळे यांच्यामध्ये गाडीचा लोखंडी तळ असतो. ई-रिक्षाचा पत्रा पातळ आणि बाजू उघड्या. शिवाय चार्जिंगच्या तीन तासांत आमचा रिक्षावाला काय करतो? मेच्या उन्हात तो मागच्या सीटवर आडवा होतो. गाडीच्या सावलीला कुत्री येऊन झोपतात, मुलांचा चेंडू नेमका तिथेच जातो. जमिनीवरचे वेटोळे ज्यात असते त्या पॅडवर गुटख्याची चंदेरी पुडी, नाणे किंवा खिळा पडला तर तो तापून भाजण्याची, आग लागण्याची भीती असते. अशी वस्तू किंवा जनावर आल्याचे ओळखून चार्जर आपोआप बंद करणारी यंत्रणा जगात उपलब्ध आहे. ती स्वस्ताईच्या नावाखाली गाळली जाऊ नये, एवढीच माझी काळजी आहे. रिक्षा पॅडवर वाकडी उभी राहिली की आजूबाजूला गळणारे क्षेत्रही वाढते. आपल्या स्टँडवर रिक्षा किती सरळ उभ्या राहतात हे रोज दिसतेच.

सगळ्यात जास्त जपायला हवे ते पेसमेकर किंवा आयसीडी (हृदयाचे ठोके बिघडल्यास झटका देणारे यंत्र) बसवलेल्या माणसांना. माझ्या थोरल्या भावाला पेसमेकर बसवला. रुग्णालयातून घरी सोडताना मीठ, तेल, जिना, औषधे सगळे लिहून दिले. फोन कुठे ठेवायचा, इंडक्शन शेगडीपासून किती लांब राहायचे, याबद्दल अवाक्षर नव्हते. तो फोन सवयीने डाव्या खिशात ठेवत होता, बरोबर यंत्राच्या वर. २०२० मध्ये मागे चुंबक असलेले आयफोन आले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिले की असा फोन छातीजवळ नेल्यावर आयसीडीची झटका देण्याची क्षमता तेवढ्यापुरती थांबते. फोन दूर केला की यंत्र पूर्ववत होते, पण नेमके त्याच मिनिटाला हृदय बिघडले तर? फोन यंत्रापासून सहा इंचांहून आणि विनातार चार्ज होत असताना बारा इंचांहून लांब ठेवा, असे ॲपलच सांगते. इंडक्शन शेगडीपासून साधारण दोन फूट अंतर ठेवण्याचा सल्ला पेसमेकर बनवणाऱ्या कंपन्या देतात. ही माहिती आहे, पण बारीक इंग्रजी अक्षरांत, ज्याला तिची गरज आहे त्याच्यापर्यंत न पोहोचणारी. माझ्या भावाला ती मी सांगितली. ज्यांच्या घरात असे सांगणारे कोणी नाही त्यांचे काय?

इथे मोबाइल टॉवरची आठवण होते. टॉवरविरुद्ध आमच्याकडे सह्यांची मोहीम झाली, भांडणेही झाली. सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय पातळीच्या एक-दशांशावर आणली होती आणि पुढे २०१७ मध्ये 'तरंग संचार' हे पोर्टल काढून, शुल्क भरून आपल्या भागात मोजणी करून घेण्याची सोयही दिली. सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांना याचा पत्ता नव्हता. आकडे वेळेवर आणि आपल्या भाषेत मिळाले नाहीत की लोक अफवेवर विसंबतात. त्यात मी लोकांना दोष देत नाही.

तेव्हा व्हीएनआयटी, सी-डॅक आणि उत्पादक कंपनीने पुढील मोजमापे जाहीर करावीत ही माझी जाहीर विनंती आहे: चार्जिंग चालू असताना ई-रिक्षाच्या मागच्या सीटवर, चालकाच्या जागी आणि पॅडच्या कडेला जमिनीलगत क्षेत्र किती मायक्रोटेस्ला आहे, आणि रिक्षा वाकडी उभी असताना किती होते. पुण्याच्या एआरएआय या वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेत या चार्जरची चाचणी होईल तेव्हा ती सीटवर माणूस झोपलेला आहे असे धरून व्हावी. पेसमेकरवाल्यांसाठी वेगळी, अधिक कडक मर्यादा असावी. एसएई या वाहन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या मानकात असा स्वतंत्र विचार केलेला आहे. आणि पॅडशेजारी, भिंतीवर, मोठ्या मराठी अक्षरांत पाटी हवी: पेसमेकर असलेल्यांनी किती फूट लांब थांबावे. तो आकडा मोजणीतून आलेला असावा, अंदाजाने लिहिलेला नको.

शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांनाही विनंती, की घरी सोडतानाच्या कागदावर फोन आणि शेगडीच्या या दोन ओळी आजपासूनच घालाव्यात. त्यासाठी कुठल्याही सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

आपला,
एक निवृत्त विद्युत अभियंता, नागपूर