दोघांत एक डबा नको

चि. सुमित यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू १,५०० रुपये माघारी पाठवलेस आणि खाली लिहिलंस, ‘उरले होते’. तुझ्या आईनं तो मेसेज आक्काच्या घरीसुद्धा नेऊन दाखवला. मलाही बरं वाटलं. काल आत्याच्या पप्याचा फोन आला, तेव्हा कळलं की तू आणि तुझा रूम पार्टनर मिळून एकच डबा लावलाय. आईला अजून सांगितलं नाही. बारावीच्या पेपरच्या दिवशी तुला चक्कर आली होती, तेही तिला ठाऊक नाही.

रागावून लिहीत नाही. काटकसर तुझ्या अंगात आहे, ती आजीकडून आलीय. आणि खिशात पैसे नसलेल्या माणसालाही पुण्यात करमतं, हे मला माहीत आहे. पुण्याच्या गाडीवर होतो तेव्हा स्वारगेटला मुक्काम पडायचा. सकाळची गाडी लागेपर्यंत मी पायीच फिरायचो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या उजाडता उजाडता चढायच्या, वर वारं खात बसायचं, येताना सारसबागेत दर्शन घ्यायचं. तुझी स्कॉलरशिपची पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी, निम्म्या किमतीत आणलेली आहेत. एका डिसेंबरात रमणबागेच्या बाहेर रस्त्यावर उभं राहून सवाई गंधर्व ऐकलं होतं. आत कोण गात होतं ते समजलं नाही, पण पाय निघेना. आता तो महोत्सव मुकुंदनगरला असतो म्हणे. मित्र मिळून एक दिवस तरी तिकीट काढा, त्याचे पैसे मी वेगळे देईन.

आणि पुरुषोत्तम करंडक सोडू नकोस. १९६३ पासून कॉलेजची पोरं तिथं एकांकिका करतात. भरत नाट्य मंदिर तुझ्या खोलीपासून चालत जाण्यासारखं आहे. गणपतीत मानाचे पाचही गणपती बघ. बालगंधर्वला चित्रांचं प्रदर्शन असलं की आत जाऊन ये. वेताळ टेकडीवर जा. फक्त उपाशी पोटी चढू नकोस, एवढंच.

बघ, परत तिथंच आलो.

तुला आठवत नसेल, तू लहान होतास. मी निलंगा-लातूर गाडीवर असताना फाट्याफाट्यावर बाया डबे घेऊन उभ्या असायच्या. पोरं लातुरात अकरावी-बारावीला, खोली करून राहिलेली. कुणाच्या डब्यावर रंगानं नाव, कुणाचा लाल फडक्यात बांधलेला. बॉनेटवर जागा उरायची नाही. एकदा पावसात रस्त्यावर झाड आडवं पडलं आणि दुपारी पोचणारी गाडी दिवेलागणीला लातुरात शिरली. सगळी पोरं स्टँडवर होती, एकही गेलं नव्हतं. एकानं डबा हातात पडल्याबरोबर तिथंच उघडला आणि उभ्याउभ्या खाल्लं. भाकरी कडक झाली होती, पोरगं खाली मान घालून खात राहिलं. ते मी घरी येऊन आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, आपल्या सुमितला असं उभं राहू द्यायचं नाही.

इतक्या लोकांच्या लेकरांचे डबे मी पोचवले. तुझ्या ताटात अर्धी पोळी कमी आहे, हे मला बघवत नाही.

आपल्या भावकीत पुण्याला शिकायला गेलेला तू पहिला. डेपोत मी बोलत नाही, पण ड्रायव्हर लोक विचारतात तेव्हा सांगतो. त्या अभिमानापायी तू पोट मारावंस असं मला कधीच वाटलं नाही. पैसे वाचवायचे तर दुसरीकडं वाचव. मेट्रोत विद्यार्थ्यांना सवलतीचं कार्ड मिळतं, ते काढ. कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना असेल तर चौकशी कर, त्यात कमीपणा नाही. पुस्तकं ग्रंथालयातून आण. हप्त्यावर मोबाइल घेऊ नकोस. रात्री वडापाव खाऊन झोपणं म्हणजे जेवण नव्हे. शेंगदाणे, गूळ, केळी खोलीवर ठेव. अंडी उकडता येतात ना तुला? आणि पार्टनरच्या घरची परिस्थिती ओढगस्तीची असेल, त्याला तुझ्या डब्यातलं द्यावंसं वाटत असेल, तर तसं स्पष्ट सांग. मग दोन डबे लावू, कुणाला सांगायचं कारण नाही.

फार सांगत बसलो. तू मोठा झालास, तुला कळतं. राग मानू नकोस.

सोयाबीन यंदा बरं आहे. माळवदावरची गळती काढली. बंड्याकाकाचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, तुला विचारत होते. गौरीला आलास तर आई शेंगोळे करणार आहे, दसऱ्याला आलास तरी करेल.

खानावळवाल्या काकूंचा नंबर पाठव. पुढच्या महिन्यापासून पूर्ण डब्याचे पैसे मी परस्पर त्यांच्याकडे भरत जाईन. तुझे १,५०० परत टाकले आहेत, ते नाटकासाठी आणि फिरण्यासाठी ठेव. पार्टनरलाही सोबत ने.

तुझा,
अण्णा